बाइट, अक्षर आणि आपल्या जुन्या मराठी फायली

कुळागर (धागाकर्ता)

फोंड्यात डीटीपीचं काम करताना एक तक्रार सारखी कानावर येते. कुणी देवस्थानची जुनी इतिवृत्तं घेऊन येतं, कुणी नाट्यमंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची सीडी. "फाइल उघडते हो, पण आत सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं दिसतं. फाइल खराब झाली असणार." आणि मग ती सीडी कचऱ्यात जाते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या फाइलमधला एकही बाइट हललेला नसतो. ते बाइट कसे वाचायचे, याची किल्ली मात्र हरवलेली असते. म्हणून जरा मुळापासून लिहितो.

एक बाइट म्हणजे आठ बिट. प्रत्येक बिट शून्य किंवा एक. उजवीकडून त्यांची किंमत १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. सगळे बिट एक असले तर बेरीज २५५, सगळे शून्य असले तर ०. म्हणजे एका बाइटमध्ये २५६ आकड्यांपैकी कुठलाही एक आकडा मावतो. संगणकाच्या साठवणीत याखेरीज दुसरं काहीही नसतं. तिथे अक्षर नसतं, रंग नसतो, सूर नसतो.

६५ हा आकडा घ्या. मजकुराच्या फाइलमध्ये तो रोमन लिपीतला मोठा 'ए' असतो. फोटोत तोच आकडा एखाद्या ठिपक्यातल्या लाल रंगाचं प्रमाण सांगतो, आणि ध्वनिमुद्रणात एका क्षणाच्या लहरीची उंची. बाइट तोच. अर्थ बाहेरून येतो, वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडून.

'बाइट' हा शब्द १९५६ साली आयबीएममधल्या वर्नर बुकोल्झ यांनी काढला. तेव्हा बाइट आठच बिटांचा असतो असं काही ठरलेलं नव्हतं, सहा बिटांची अक्षरं वापरणारी यंत्रंही होती. १९६४ साली आयबीएमची सिस्टिम/३६० ही मालिका आली आणि आठ बिटांची सवय जगाला लागली. अक्षरांचा तक्ता त्याच्या आदल्या वर्षीचा, १९६३ चा, नाव आस्की. तो सात बिटांचा, म्हणजे १२८ चिन्हांचा. इंग्रजीला तेवढं पुरतं. आठव्या बिटामुळे वरची १२८ घरं मोकळी राहिली आणि ती प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे भरली. युरोपने तिथे 'टोपीवाली' अक्षरं बसवली. भारतात भारतीय लिपींसाठी इस्की हा तक्ता झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्याला मान्यता दिली.

आपल्या छापखान्यांनी मात्र तिसरीच वाट धरली होती. फाइलमध्ये बाइट रोमन अक्षराचाच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये त्या जागी देवनागरी आकार काढायचा. कागदावर सुंदर मराठी उमटायचं. छपाईपुरतं ते उत्तम चाललं आणि त्या जोरावर गोव्यात कितीतरी मराठी मजकूर छापला गेला. पण फाइलला स्वतःला मराठीचा पत्ताच नाही. तो फॉन्ट गेला की मराठी गेलं.

बरं, मग 'हे अक्षर दिसलं की ते घाल' असं एकास एक बदलून चालेल का? नाही. 'डिचोली' घ्या. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी 'ड'च्या आधी टंकलेली असते, कारण ती कागदावर आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या जगभर चालणाऱ्या तक्त्यात, उच्चाराचा क्रम चालतो, आधी 'ड', मग वेलांटी. 'पर्वरी'चं याच्या उलट. जुन्या फाइलमध्ये रफार 'व'च्या नंतर येतो, कारण तो 'व'च्या डोक्यावर काढायचा असतो. युनिकोडमध्ये प, र, हलन्त, व, र, दीर्घ वेलांटी असा क्रम. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षरं नुसती बदलून भागत नाही, उचलून जागेवर ठेवावी लागतात. आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा.

आता युनिकोड. पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात प्रत्येक चिन्हाला जगभर एकच क्रमांक मिळाला. तो क्रमांक बाइटमध्ये कसा भरायचा, याची आज सर्वांत जास्त चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. ती १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी बसवली. तिच्यात 'गोवा' असा साठतो:

ग – २२४ १६४ १५१
ो – २२४ १६५ १३९
व – २२४ १६४ १८१
ा – २२४ १६४ १९०

चार चिन्हं, बारा बाइट. हेच बारा आकडे कुणी युरोपी तक्त्याने वाचले, तर २२४ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए' दिसतो आणि १६४ च्या जागी चारी बाजूंना काटे फुटलेलं वर्तुळ. ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली की समजा, फाइल शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने उघडली आहे.

चौकोन दिसले तर तेही सहसा घाबरण्यासारखं नाही, त्या फॉन्टमध्ये आकार नाही एवढाच त्याचा अर्थ. पण ओळीच्या ओळी साध्या प्रश्नचिन्हांनी भरल्या असतील, तर मात्र खरंच गेलं. कुठल्यातरी प्रोग्रॅमने न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ६३ हा बाइट लिहून फाइल सेव्ह केलेली असते. तिथून परत येता येत नाही, आधीची प्रत शोधावी लागते.

माझं कळकळीचं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या फॉन्टमधला मजकूर आत्ता युनिकोडमध्ये आणा. तो फॉन्ट ओळखणारी, त्याचा कळफलक बोटांत असलेली माणसं आज आपल्यात आहेत.

---

म्हादई

कुळागर, फार कामाचा धागा. एक खटकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि मराठीला तीन? 'गोवा' रोमन लिपीत तीन बाइटांत बसतो आणि देवनागरीत बारा लागतात. आमच्या पतसंस्थेत वार्षिक सभेची सूचना एसएमएसने जाते. इंग्रजीत लिहिली तर एका मेसेजमध्ये १६० अक्षरं, मराठीत ७० च. सभासद मराठी वाचणारे आणि खर्च वाढतो म्हणून सूचना इंग्रजीत जाते. याला अन्याय नाही तर काय म्हणायचं?

---

कुळागर

एसएमएसचं गणित यूटीएफ-८ चं नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजीची अक्षरं तिथे सात-सात बिटांची, म्हणून १६०. मराठी पाठवताना प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणजे दोन बाइट लागतात, म्हणून ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'पर्वरी' आपल्याला तीन अक्षरी वाटते, तिथे सहा चिन्हं धरतात. तुमचं दुःख खरं आहे.

फायलींपुरतं मात्र तीन बाइटांचं ओझं वाटून घेऊ नका. तीनशे पानांचं पुस्तक, पानाला दोन हजार चिन्हं धरली, तर सहा लाख चिन्हं. सगळी तीन बाइटांची मानली तरी १८ लाख बाइट, दोन एमबीच्या आत. मोबाइलचा एक बरा फोटो याहून मोठा असतो. झिप केलं तर ते आणखी आकसतं, कारण २२४ १६४ ही जोडी सारखी येत राहते आणि संकोचनाला असली पुनरावृत्तीच हवी असते.

---

सत्तरीची_बाय

माझ्या सातवीच्या वर्गात मी हे असं शिकवते. आठ मुलं फळ्यासमोर ओळीत, प्रत्येकाच्या हातात मोठ्या आकड्याचा पुठ्ठा, १२८ पासून १ पर्यंत. मी आकडा सांगायचा. ज्याचा पुठ्ठा लागतो त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं. ६५ म्हटलं की ६४ आणि १ उभे. मग मी 'क'चा शेवटचा बाइट सांगते, १४९. थोडी कुजबुज होते आणि १२८, १६, ४, १ उभे राहतात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, आठही जण बसले तर? तो आकडा नाही का?" शून्य हाही एक आकडा आहे आणि त्याचंही घर लागतं, हे तिने स्वतःच शोधलं. २५५ पर्यंत मोजून २५६ घरं कशी होतात, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

कुळागर भाऊ, 'क'चे तिन्ही बाइट मुलांना करून दाखवायचे तर चोवीस मुलं लागतील ना? वर्गात तेवढी आहेत!

---

कुळागर

बाय, जरूर करा. २२४, १६४, १४९. आणि मुलांना एक गंमत दाखवा. पहिल्या बाइटमध्ये १२८, ६४, ३२ हे तिघे उभे आणि सोळावाला बसलेला असतो. सुरुवातीलाच असे तीन उभे, म्हणजे 'हे अक्षर तीन बाइटांचं आहे' अशी आगाऊ सूचना. पुढच्या दोन्ही बाइटांत १२८ उभा आणि ६४ बसलेला, म्हणजे 'मी मधला आहे, माझ्यापासून वाचायला लागू नका'. त्यामुळे मध्येच एखादा बाइट गळला तरी फार तर एक अक्षर जातं, पुढचं वाचन पुन्हा रुळावर येतं. ही रचना मला आजही अप्रतिम वाटते.

---

रायबंदर_धक्का

एक ऐतिहासिक नोंद करावीशी वाटते. मराठी दुसऱ्याच लिपीच्या खिळ्यांत बसवण्याचा उद्योग आपल्या भूमीत चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. १५५६ मध्ये जुन्या गोव्यात छापखाना आला, तो भारतातला पहिला. १६१६ मध्ये राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ओव्या मराठी आणि छपाई रोमन लिपीत. मराठी ध्वनी रोमन अक्षरांत कसे लिहायचे याचे संकेत ठरलेले होते, म्हणून ते ग्रंथ पुढे देवनागरीत आणता आले. संकेत माहीत नसते तर अभ्यासक अडकलेच असते. कुळागर म्हणतात ती किल्ली हीच.

आता माझा प्रश्न. घरी आजोबांच्या काळातली जमिनीची कागदपत्रं आहेत, काही पोर्तुगीजमध्ये, काही मोडीत. स्कॅन करून पीडीएफ ठेवली की पुरे ना? टंकायचा खटाटोप कशाला? पीडीएफ तर सगळीकडे दिसते.

---

मांडवीपार

रायबंदर, स्कॅन आधी कराच, त्यात दुमत नाही. पण स्कॅन म्हणजे मजकूर नव्हे. ए-४ पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केलं की साधारण २४८० गुणिले ३५०८, म्हणजे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. एक पान सुमारे २६ एमबी. जेपेगने ते बरंच लहान होतं, पण त्यासाठी डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून दिला जातो आणि तो परत मिळत नाही. जपणूक करायची मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा आणि वाचायला, पाठवायला जेपेग किंवा पीडीएफ.

या २६ एमबीत संगणकाला एकही अक्षर ठाऊक नसतं. पिवळट कागद आणि तपकिरी शाई यांचे आकडे, बस्स. त्यात आजोबांचं नाव शोधता येणार नाही. तेच पान टंकलं तर पाच-सहा हजार बाइटांत बसतं आणि शोधता येतं. जुन्या हस्ताक्षराचं काम यंत्रावर सोडून देऊ नका, जाणकाराच्या नजरेखालून जाऊ द्या.

मोडीसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र जागा आहे. यूटीएफ-८ मध्ये मोडीचं प्रत्येक चिन्ह चार बाइट घेतं. फॉन्ट बसवावा लागेल, पण बाइट पक्के राहतील. पोर्तुगीज कागद टंकताना 'ए'वरची नागमोडी रेघ गाळू नका. जुन्या पद्धतीत ते अक्षर एकाच बाइटात, २२७ म्हणून बसायचं. यूटीएफ-८ मध्ये त्याचे दोन बाइट होतात, १९५ आणि १६३. जुनी फाइल नव्या तक्त्याने उघडली तर २२७ दिसताच प्रोग्रॅमला वाटतं की तीन बाइटांचं अक्षर सुरू झालं. पुढे अपेक्षित बाइट मिळत नाही आणि काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह उमटतं. साओ तोमेचे पत्ते असलेल्या याद्यांत हे नेहमी पाहायला मिळतं. ही खूण नुसती पडद्यावर दिसत असेल तर फाइल सेव्ह न करता बंद करा आणि जुना तक्ता निवडून पुन्हा उघडा.

---

शिगमो७

मध्येच विचारतो, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ दाखवतो. दुकानदाराने फसवलं काय?

---

मांडवीपार

नाही. बनवणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी म्हणतं. ६४०० कोटींना याने भागा, ५९.६ येतात. बाइट तेवढेच आहेत.

---

काणकोणकर

पेनड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर सांगा, पेनड्राइव्हवर ठेवलेलं किती वर्षं टिकतं? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते.

---

मांडवीपार

पेनड्राइव्हमध्ये बिट म्हणजे सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कप्प्यात अडकवलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो. वर्षानुवर्षं न जोडता कपाटात पडलेला पेनड्राइव्ह भरवशाचा नाही. हार्ड डिस्कमध्ये बिट चुंबकत्वाच्या दिशेत असतो, सीडीत खळग्यांच्या कडांमध्ये. प्रत्येकाचं मरण वेगळं. आपल्या दमट, खाऱ्या हवेत धातूची टोकं गंजतात. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर.

एक बिट उलटला तर काय होतं ते दाखवतो. 'ग'चा शेवटचा बाइट १५१. त्यातला एकचा बिट शून्य झाला की १५० होतो, आणि १५० म्हणजे 'ख'. 'गोवा'चा 'खोवा' होईल आणि संगणकाला त्यात काहीही वावगं दिसणार नाही. डिस्क आणि सीडी स्वतः जादा बिट ठेवून अशा बऱ्याच चुका दुरुस्त करतात, पण कॉपी करताना खात्री करून घेणं आपल्या हातात आहे. शा-२५६ नावाची पद्धत कुठल्याही फाइलचा ३२ बाइटांचा ठसा काढते. एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. संग्रहाबरोबर सगळ्या फायलींच्या ठशांची एक यादी ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा.

---

काणकोणकर

देव बरें करूं. आणखी एक अडचण, कुळागर बाबांसाठी. आमच्या वाचनालयाच्या आजीव सभासदांची यादी युनिकोडमध्येच आहे. 'ॲड.' शोधलं तर निम्मेच वकील सापडतात. उरलेले डोळ्यांना समोर दिसतात, शोधात येत नाहीत.

---

कुळागर

दिसायला सारखं आणि बाइट वेगळे, असा हा प्रकार आहे. मराठीतलं 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी, आणि अजूनही काही कळफलकांवर, लोक 'अ' टंकून वर अर्धचंद्र देतात. पहिल्या रीतीत एक चिन्ह, तीन बाइट. दुसऱ्या रीतीत दोन चिन्हं, सहा बाइट. शोध आकड्यांची तुलना करतो, त्याला आकार दिसत नाही. उपाय म्हणजे संपूर्ण यादीत शोधा-बदला वापरून एकच रूप करून घ्या. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला 'ऱ'सुद्धा दोन रीतींनी टंकला जातो, अखंड किंवा 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. त्यासाठी मात्र युनिकोडनेच दोन्ही समान मानायचा नियम दिलेला आहे. 'ॲ'साठी तसा नियम नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

---

म्हादई

शेवटचं एक. अशी यादी मी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह करते, नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसतं आणि एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की तिरक्या रेघेचा 'ए' आणि काटेरी वर्तुळं. हा तुमचा चुकीच्या तक्त्याने उघडण्याचा प्रकार ना? म्हणजे फाइल चांगली आहे?

---

कुळागर

हो, फाइल चांगली आहे. फक्त त्या अवस्थेत एक्सेलमधून सेव्ह करू नका. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'मी यूटीएफ-८ आहे' असं कुठेही लिहिलेलं नसतं, म्हणून एक्सेल अंदाज बांधतं. जेपेग फाइल २५५ २१६ या बाइटांनी सुरू होते, पीएनजी १३७ ने, तशी ओळख सीएसव्हीला नाही. दोन रस्ते आहेत. एक्सेलमध्ये रिकामी वही उघडून 'डेटा' मेनूतून ती फाइल आयात करा आणि तिथे यूटीएफ-८ निवडा. नाहीतर नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' करताना एन्कोडिंगच्या यादीतून 'यूटीएफ-८ विथ बॉम' घ्या. त्याने फाइलच्या अगदी सुरुवातीला २३९ १८७ १९१ असे तीन बाइट बसतात. पडद्यावर ते दिसत नाहीत, पण एक्सेल ते पाहून योग्य तक्ता उचलतं. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर करून पाहा आणि जमलं की इथे कळवा.

---

म्हादई

बॉमवाल्या रस्त्याने जमलं. ३१२ सभासद, सगळी नावं मराठीत. आता 'ॲड.' शोधायला बसते.